डाव्या हाताचा पीळ

रविवार, ४ ऑक्टोबर २००९

आर्विड,

मी थोरा. अक्षर ओळखलं असशीलच, माझ्यासारखंच डावीकडे कललेलं. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी एवढं वाच: माझा नवरा गेला, पामर. अकरा एप्रिलला, गोठ्यात, दूध काढता काढता. छातीवर हात ठेवला आणि खाली बसला तो बसलाच. तुला कळवायला सहा महिने लावले. त्याबद्दल शिव्या घाल, ऐकून घेईन.

तुझा पत्ता मावशीच्या नाताळकार्डांच्या खोक्यात सापडला. दरवर्षी मावशीला कार्ड धाडायचास आणि सख्ख्या बहिणीला नाही, हेही तेव्हाच कळलं. राग आला नाही. म्हणजे आला, पण थोडा वेळच.

काल मी काय केलं सांगू? बाबांचे, तुझे, माझे, सगळे सापळे माळ्यावरून खाली काढले. आई गेली, घर विकलं, तेव्हा मी ते पोत्यांत भरून इकडे आणले होते. पामरची एकच अट होती, त्याच्या नजरेला पडता कामा नयेत. अठरा वर्षं मक्याच्या जुन्या कोठीच्या माळ्यावर पडून होते. काल गंज घासला, मागच्या अंगणात हंडा चढवला, रंग चढावा, वास जावा म्हणून काळ्या अक्रोडाची सालं टाकली आणि दिवसभर उकळले. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले आहेत. आज चर्चमध्ये हातमोजे घालून बसले.

सेल्मर ब्रेक्के कुंपणाला टेकून बघत होता. आठवतो ना? पामरबरोबर शिकारी कुत्री घेऊन डोंगर पालथे घालायचा तो. म्हणाला, "अगं थोरा, कुत्रेवाल्याची बायको तू, आणि सापळे उकळतेस? पामर तिकडे कबरीत कूस बदलेल."

म्हटलं, "बदलू दे. तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपायचा, जरा इकडे वळेल."

"या वयात ओढ्यात उतरणार?"

"तू अजून चढतोस ना त्या टेकाडावर? तुझ्या गुडघ्यांचा आवाज मला घरात ऐकू येतो."

हसला. पण जाताना म्हणाला, "दोनशेवीस तरी लावू नकोस, बाई." दोनशेवीस नंबरचे ते चौकटीचे सापळे मी वेगळेच ठेवले आहेत, ते उकळलेही नाहीत. चौकट मिटली की आतल्याची मान जागच्या जागी जाते. ती चौकट आता मला हातात धरवत नाही.

शेडमध्ये तुझे सापळे तुझ्या नावाच्या खिळ्यावर टांगलेत, माझे माझ्या. आठवतं, बाबा मला काय म्हणायचे? "डावरीनं तार बांधली की सोडवायला डावरीच आणा." सापळ्याची साखळी बांधताना तारेला माझा पीळ उलटा पडतो, दुसरा कुणी सोडायला गेला की तो आणखी आवळतो. कडाक्याच्या थंडीत माझ्या तारा सोडताना तू ओरडायचास, "हिच्या तारा सोडायच्या म्हणजे घड्याळ उलटं फिरवायचं!" काल एकटीच हसले त्यावर.

आता मुद्द्याचं. हंगाम सतराला उघडतो. तू ये. बाबांची जुनी फेरी, ओढ्याच्या पुलापासून वरच्या धारेपर्यंत, एकदा दोघं मिळून चालू. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती कागदावर लिहिण्यासारखी नाही, तुझ्या तोंडाकडे बघूनच सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय मला सुखानं मरण यायचं नाही. मी काही मरायला टेकलेली नाही, उगाच घाबरू नकोस. पण ये. तिकिटाचं मी बघते.

तुझी बहीण,
थोरा

मंगळवार, २० ऑक्टोबर २००९

आर्विड,

काल कार्ड आलं. वर ॲस्टोरियाचा शिक्का, पण अक्षर परकं. तुझ्या घरमालकीण आइली कोस्केला यांनी लिहिलंय की तू उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळून आहेस, फुफ्फुसं गेली आहेत, नळीनं श्वास घेतोस. डोळ्यांना दिसेनासं झालंय म्हणून माझं पत्र त्यांनीच तुला वाचून दाखवलं. प्रवासाचं तर नावच नको. "आर्विड फार बोलत नाहीत, पण पत्र दोनदा वाचायला लावलं," असं लिहिलंय.

दोनदा! मेल्या, आधी कळवलं असतंस तर? पण कोणत्या तोंडानं विचारू, मी तरी कुठे कळवलं?

कोस्केलाबाई, तुम्ही हे मोठ्यानं वाचत असाल. माझ्या भावाची काळजी घेता, देव तुमचं भलं करो. त्याला कॉफीत मलई लागते. मागणार नाही, पण लागते.

फेरी सुरू केली आहे, आर्विड. तू येऊ शकत नाहीस तर निदान ऐक तरी. पुलाखाली मस्करॅट भरपूर आहेत, काठावरची बिळं पूर्वीच्याच जागी. वळणावरचं ते पोकळ झाड पडलं. मिंकची पावलं दिसली, जनावर अजून दिसलं नाही. रॅकूनसाठी आता नवीनच सापळे निघालेत. हातभर खुंटी जमिनीत ठोकायची, वर नळी, नळीच्या तळाशी आमिष. रॅकून आत पंजा घालतो आणि अडकतो. कुत्र्याचा पाय आत जातच नाही. दुकानदार म्हणाला, "शंभर टक्के कुत्र्याला निर्धोक." मी ती नळी हातात घेऊन दुकानात किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तेव्हा हे असते तर!

तर आता बेलचं, पामरच्या त्या शिकारी कुत्रीचं, बोलायलाच हवं. तू आजारी आहेस आणि ते मनात धरून पडला असशील.

पामरनं बेलचा आवाज कॅसेटवर भरून ठेवला होता. दर नोव्हेंबरला, ज्या रात्री ती गेली त्या रात्री, स्वयंपाकघरात बसून लावायचा. आधी नुसता वारा, मग लांबून तिचं ते घंटेसारखं भुंकणं, डोंगरावरून येणारं. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मी भांडी घासायची. असे एकामागून एक तीस नोव्हेंबर गेले.

तो काही वाईट माणूस नव्हता, आर्विड. माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. फक्त तुझं नाव घरात चालायचं नाही. आई गेली तेव्हा तू फोन केला होतास ना? मी शेजारीच उभी होते. त्यानं उचलला, ऐकला, ठेवून दिला. मी विचारलं, कोण? म्हणाला, राँग नंबर. मला कळलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

हे बघ, बेल तुझ्या सापळ्यात मेली, ते तू मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा तू पीत होतास, धाकल्या, आणि साठ साठ सापळे लावत होतास. एखादा विसरतो, एखादा चुकीच्या जागी लागतो. माणसाच्या हातून होतं. मी तुला केव्हाच माफ केलं आहे.

पुढच्या पत्रात फेरीचं आणखी लिहीन. मलई माग.

थोरा

रविवार, १ नोव्हेंबर २००९

आर्विड,

मागच्या पत्राच्या शेवटी ती ओळ लिहिली तेव्हा माझा हात झडला कसा नाही! मी तुला माफ केलं म्हणे. अंथरुणाला खिळलेल्या, दिसेनाशा झालेल्या भावाला मी आणखी एकदा खोटं ऐकवलं, तेही परक्या बाईच्या तोंडून.

कोस्केलाबाई, हे पत्र त्याला सबंध वाचून दाखवा. माझी लाज राखायला मधलं गाळू नका.

तो सापळा मी लावला होता.

लिहिलं. एकतीस वर्षं लागली, आणि वाक्य पाच शब्दांचं.

सगळं सांगते. शुक्रवार होता. दुपारपासून बर्फमिसळ पाऊस पडत होता. तू आदल्या रात्रीची उतरेपर्यंत वर खोलीत झोपला होतास. माझे दोनशेवीस ओढ्यात होते, बर्फात घट्ट बसलेले. आणि पामरच्या काकांच्या मक्याच्या कडेनं, धारेवरच्या कुंपणाखालून, रॅकूननी नुसता रस्ता पाडला होता. इतकी वाट मळलेली बघून मला राहवेना. त्या वर्षी कातड्याला काय मागणी होती, तुला माहीतच आहे, दूध काढणारा पोरगाही सापळा घेऊन फिरत होता. मी तुझ्या खिळ्यावरचा एक सापळा उचलला. त्याच्या साखळीला तुझ्या नावाची तांब्याची पट्टी होती, आ. नेशाइम. दुसऱ्याच्या पट्टीचा सापळा लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, भावाचाच तर आहे.

बाबांचा नियम होता, कुत्री फिरतात त्या मुलखात दोनशेवीस जमिनीवर नाही. झाडाला तिरका वासा टेकवायचा आणि छातीएवढ्या उंचीवर लावायचा. रॅकून चढतो, कुत्रा चढत नाही. मला सगळं माहीत होतं. पण बोटं बधिर झाली होती, वासा तोडायचा कंटाळा आला. लाकडी खोकं जमिनीवर ठेवलं, मागे माशाचं डोकं, पुढे सापळा, साखळी कुंपणाच्या खांबाला तारेनं बांधली. एका रात्रीचा तर प्रश्न, उजाडताच काढते, म्हटलं.

आणि बाबांचा दुसरा नियम, सगळ्यात मोठा: लावणारानं चालायचं. लावलास तर उजाडताना तुझी फेरी झालीच पाहिजे, ताप असो, लग्न असो. दुसऱ्या दिवशी शनिवार, चर्चचं मासळीचं जेवण. बायकांनी सहालाच बटाट्याच्या लेफ्से लाटायला बोलावलं होतं. वाटलं, आधी शंभरेक लाटून देते, मग जाते.

नऊ वाजता दार उघडून पामर आत आला. टोपीसकट. हातांना कोपरापर्यंत रक्त आणि चिखल. रात्री त्यानं बेलला त्याच मक्यात सोडलं होतं. ती माग काढत होती, आवाज देत होती, आणि आवाज मध्येच तुटला. पहाटेपर्यंत तो कंदील घेऊन शोधत होता. सगळ्या बायकांसमोर तो मला म्हणाला, "तुझ्या भावानं माझी बेल मारली." म्हणाला, "त्याला गादीवरून ओढून नेलं मी. म्हटलं, तुझी पट्टी आहे, तुझ्या हातानं काढ तिला."

माझ्या हातात लाटणं होतं. तव्यावरची लेफ्से करपायला लागली. कुणीतरी उलटली. मी बोलले नाही.

का बोलले नाही? पामरनं दोन आठवड्यांपूर्वी मला मागणी घातली होती. चौतिसाव्या वर्षी मला कुणीतरी विचारलं होतं रे. त्याआधी कुणी विचारलं नव्हतं आणि नंतर कुणी विचारणार नव्हतं. एवढंच कारण. मोठं काही शोधू नकोस.

संध्याकाळी तुला सांगायचं ठरवूनच घरी आले. तू टेबलाशी बसला होतास, तोंड धुतलेलं, केस ओले. वर बघितलंस आणि म्हणालास, "लेफ्से आणल्यास का?" मी लोणी-साखर लावून गुंडाळी करून दिली. तीन खाल्ल्यास. मी म्हटलं, "आर्विड, तो सापळा..." आणि तू म्हणालास, "माझ्याच हातून राहिला असेल, गं. मी शुद्धीत कुठे होतो?"

तू दार उघडून दिलंस आणि मी त्यातून बाहेर पळाले. तू पीत होतास म्हणून तुला स्वतःवरच विश्वास नव्हता, आणि त्या अविश्वासावर मी माझा संसार उभा केला. मग तुझ्याशी कुणी बोलेना, तुझी कातडी कुणी घेईना, गाडीची चारही चाकं कुणी तरी फोडली. दोन जानेवारीला तू गाव सोडून गेलास. माझ्या लग्नाला तुझं कार्ड आलं, नुसतं "सुखी राहा". तू एकतीस वर्षं असं समजून जगलास की तुझ्या हातांनी तिला मारलं. तुझे हात स्वच्छ होते. हे तुला कळायलाच हवं, त्याआधी तू जाता कामा नये. म्हणून तुला समोर बोलवत होते.

तो एक सापळा मात्र पामरनं गोठ्याच्या भिंतीवर ठोकला होता, पट्टी बाहेरच्या बाजूला. रोज दोन वेळा मी त्याच्याखाली बसून दूध काढलं. तुझं नाव वाचत. पामर गेल्यावर तिसऱ्या दिवशी पट्टी काढून घेतली. ती माझ्या ॲप्रनच्या खिशात असते.

माफी मागत नाही. मागायचा हक्क राहिलेला नाही. फक्त ऐकलंस एवढं कळव.

थोरा

मंगळवार, १० नोव्हेंबर २००९

आर्विड,

आधीचं पत्र काल पोस्टात टाकलं. एक तारखेला लिहिलं आणि काल टाकलं. आठ दिवस कुठे होतं विचारशील, तर ॲप्रनच्या ड्रॉवरमध्ये. रोज काढायची, रोज पाकिटाकडे बघायची आणि ठेवून द्यायची. शनिवारी चर्चचं जेवण होतं, त्याच्या लेफ्से लाटायच्या होत्या, म्हटलं, एवढं होऊन जाऊ दे. बघ, अजून तशीच आहे मी.

पण पत्र टाकल्यावर धीर आला. सेल्मर आला होता, नळीच्या सापळ्यात दोन रॅकून मिळाले ते बघायला. मी शेडमध्ये ओंडक्यावर कातडं टाकून चरबी खरवडत होते. सुरी खाली ठेवली नाही, ठेवली असती तर बोलले नसते. त्याला सगळं सांगितलं. कुणाचा सापळा, कुणी लावला, कुठे लावला.

तो उलट्या बादलीवर बसला. म्हणाला, "पामरला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं." मग मान हलवली. "नाही. बरं नाही झालं. तुझं तू बघितलंस थोरा, पण पामरनं कुणाचा राग धरला आयुष्यभर? चुकीच्या माणसाचा."

"हो."

"आणि मी?" तो एकदम ओरडलाच. "त्याच्या गाडीची चाकं कुणी फोडली असतील असं वाटतं तुला? चारही! चर्चच्या आवारात, प्रार्थना चालू असताना! मी मित्रासाठी केलं, मला वाटलं फार मोठं काम केलं. आता ते मी कुणाला भरून देऊ?"

मी म्हटलं, "त्याला लिही."

"मला लिहिता येत नाही धड, तुला माहिताय." नाक पुसलं. "तूच लिही. लिही, सेल्मर ब्रेक्के गाढव आहे."

तर लिहिते: सेल्मर ब्रेक्के गाढव आहे. तो हे शनिवारी सगळ्या कुत्रेवाल्यांना न्याहारीच्या वेळी सांगणार आहे. मी म्हटलं, मी सांगते. म्हणाला, दोघं जाऊ. तुला कोस्केलाबाईंना सांगून दोन ओळी पाठवता येतील का? शिव्या चालतील.

थोरा

शुक्रवार, ४ डिसेंबर २००९

आर्विड,

आता हे कुठे पाठवायचं मला माहीत नाही. तरी लिहिते. न लिहून एकतीस वर्षं काढली, आता बस झालं.

काल पार्सल आलं. दोन हजार मैल पोस्टानं आलास, मेल्या. तुझ्या राखेची पेटी लहानशी आहे, मला उचलताना वाटलं आत काहीच नाही.

सोबत कोस्केलाबाईंची चिठ्ठी, माझं एक तारखेचं पत्र, न फोडलेलं, आणि दहा तारखेचं पत्र, तेही न फोडलेलं. तू सहा नोव्हेंबरला गेलास, शुक्रवारी, दुपारी, खिडकीशी. मी दोन तारखेला पत्र टाकलं असतं तर पाचला पोचलं असतं, पोस्टातल्या पोरीनंच बोटांवर मोजून सांगितलं. तिला काय माहीत ती काय सांगते आहे. एक दिवस आधी. लेफ्से होऊन जाऊ दे, म्हणाले होते मी. लावणारानं चालायचं, आणि मी दोन्ही वेळा उशिरा निघाले.

तुझं दुसरं पत्र वाचलं तेव्हाचं कोस्केलाबाईंनी लिहिलंय. "मी तुला माफ केलं" या ओळीवर तू हसायला लागलास म्हणे. खोकला लागेपर्यंत हसलास. मग तंबाखूचा जुना डबा मागितलास, उघडला नाहीस, छातीवर ठेवून पडलास. त्यांना म्हणालास, "मी गेल्यावर हा माझ्या बहिणीला पाठवा." त्यांनी विचारलं, काही सांगायचं आहे का? तर म्हणालास, "सांगा, त्या दिवशीच्या लेफ्से चांगल्या झाल्या होत्या." त्यांनी लिहिलंय, "याचा अर्थ मला कळला नाही, पण शब्द त्यांचेच आहेत."

डबा उघडला. आत तारेचा एक तुकडा होता, दुसरं काही नाही. खांबाभोवतीचं कडं, मागच्या बाजूनं पक्कडीनं तोडलेलं, गंजलेलं. पुढचा पीळ तसाच्या तसा, न सोडलेला.

डावा पीळ होता.

तू त्या सकाळीच बघितलं होतंस. पामर चिखलात बेलचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि तुला हुकूम होता की तुझ्या हातानं काढ. तू खांबाशी वाकलास आणि तार बघितलीस. या खोऱ्यात दुसऱ्या कुणाचीही तार तशी नव्हती. सोडवायला घेतली असतीस तर आवळली असती, वेळ लागला असता, पामरनं वर बघितलं असतं. म्हणून मागून तोडलीस आणि खिशात टाकलीस. आणि संध्याकाळी केस ओले करून टेबलाशी बसलास, आणि मी तोंड उघडताच म्हणालास, माझ्याच हातून राहिला असेल.

तू विसरला नव्हतास. तुला कसलीच शंका नव्हती. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होते की त्याला वाटतं तोच दोषी, त्याला सोडवायचं आहे. तुला माझ्याकडून सुटायचं नव्हतंच रे. तू माझं लग्न माझ्या हातात देऊन निघून गेलास, आणि माझ्या तोंडून एक वाक्य यायची वाट बघितलीस, आणि आलं ते काय, तर मी तुला माफ केलं. हसशील नाही तर काय करशील!

मी काल स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रडले. मोठ्यानं रडले, सेल्मर बाहेर आला होता तो दाराशीच थांबला. मग आत आला, कॉफी केली, वाईट केली. टेबलावरची तार बघितली. त्याला पिळातलं काही कळत नाही, कुत्रेवाला. मी समजावून सांगितलं, दोऱ्याचे दोन तुकडे घेऊन, एक त्याला पिळायला लावला, एक मी. दोन्ही शेजारी ठेवले. म्हणाला, "एवढं ओळखू येतं?"

"आपल्या माणसाला येतं."

त्या शनिवारी कुत्रेवाल्यांना सांगितलं होतं, हे तुला लिहायचं राहिलं. सात जण होते. दोघं उठून गेले, माझ्याकडे न बघता. एकानं माझा कप भरला. म्हातारा ओले टोस्ताद म्हणाला, "बेल चांगली कुत्री होती." मला वाटलं होतं, फार मोठं काही होईल. काही झालं नाही. अंडी थंड झाली.

जमीन गोठली आहे, वसंतापर्यंत तुला पुरता येणार नाही. पाद्री म्हणाले, चर्चमध्ये ठेवू. मी म्हटलं, नको, तो तिथे कधी जागा राहिलेला नाही. शेडमध्ये ठेवलंय तुला, तुझ्या खिळ्याखालच्या फळीवर. अक्रोडाचा वास अजून आहे तिथे. ॲप्रनमधली पट्टी काढली, त्या तारेच्या कड्यात ओवली आणि खिळ्याला अडकवली. पीळ सोडला नाही.

रात्रीतून बर्फ पडेल असं रेडिओवर सांगतायत. पुलापासून धारेपर्यंत माझे नऊ सापळे लागलेले आहेत. सकाळी साडेसहाला निघते. तुझी पेटी पिशवीत घालून बरोबर घेते, पाठीला मुळीच जड नाही. पुलावर जरा थांबू, मग वर धारेवरच्या त्या खांबापर्यंत जाऊ.

थोरा